विश्लेषण : ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना वकील बदलला, तर रांगेतली जागा जाते का?

अर्ज अमेरिकेत, वकील तिथल्याच एखाद्या शहरात आणि जन्माच्या दाखल्यासाठी धावपळ मात्र इंदापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत. मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला असलेल्या बारामती-इंदापूरकडच्या घरांना हे नवे नाही. अर्ज वर्षानुवर्षे चालतो. मध्येच वकील मेलला उत्तर देईनासा होतो, जादा शुल्क मागतो किंवा नोकरीच बदलते. मग घरात चर्चा सुरू होते : वकील बदलावा का? आणि बदलला, तर इतक्या वर्षांची रांग वाया जाईल का?

थोडक्यात उत्तर असे, की वकील बदलता येतो आणि रांगेतली जागा जात नाही. पण जुना वकील सुटला आणि नवा अजून फाइलवर आला नाही, या मधल्या काळात अर्ज बुडू शकतो. तो कसा आणि टाळायचा कसा, हे समजून घेऊ.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

अमेरिकेचे नियम २०२५ मध्ये एकामागून एक बदलले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखतींच्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या.

त्याहून थेट फटका बसला तो वर्क परमिटच्या नियमाने. पूर्वी मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला, की अनेक प्रवर्गांत जुन्या परमिटला ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांसाठी ही सोय बंद झाली. म्हणजे एच-४ व्हिसावर नोकरी करणाऱ्या पत्नीचे किंवा पतीचे परमिट संपले आणि नवे आले नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून काम थांबते. वकिलाने दोन महिने उशीर केला तरी पूर्वी निभावून जात असे. आता तेवढ्या उशिराने पगार बंद होतो. म्हणूनच ढिल्या वकिलाला बदलण्याचा विचार वाढतो आणि तो चुकीच्या क्रमाने केला तर नुकसानही मोठे होते.

रांगेतली जागा नेमकी कशावर ठरते?

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात आणि एका देशाला त्यातला सुमारे सात टक्के वाटा मिळतो. त्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब गेली आहे. या रांगेतला क्रमांक 'प्रायॉरिटी डेट'वर ठरतो. कंपनीने पर्म म्हणजे कामगार खात्याच्या प्रमाणपत्राचा अर्ज ज्या दिवशी केला, तो हा दिवस. पर्म लागत नसेल, तर आय-१४० अर्जाचा दिवस धरतात.

ही तारीख अर्जाला चिकटलेली असते, वकिलाला नाही. वकील तीनदा बदलला तरी ती हलत नाही. सरकारी शुल्क पुन्हा भरावे लागत नाही, रिसीट नंबरही तोच राहतो. नव्या वकिलाचे स्वतःचे शुल्क मात्र वेगळे द्यावे लागते.

बारामतीच्या न्यायालयासारखी 'एनओसी' लागते का?

गावाकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात वकील बदलायचा, तर आधीच्या वकिलाची ना-हरकत घ्यावी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. त्यामागे नियम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार एकदा दाखल केलेले वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय संपत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानुसार दुसऱ्याचे वकीलपत्र असलेल्या प्रकरणात नव्या वकिलाला आधीच्याची संमती लागते. ती मिळत नसेल, तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

हाच हिशेब अमेरिकेला लावून अनेक जण थांबून राहतात. 'जुना वकील सोडत नाही' म्हणून महिने काढतात. पण अमेरिकेची नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा, म्हणजे यूएससीआयएस, हे न्यायालय नव्हे, सरकारी कार्यालय आहे. तिथे जुन्या वकिलाच्या ना-हरकतीची अट नाही. नवा वकील 'जी-२८' हा फॉर्म भरतो, त्यावर त्याची आणि अर्जदाराची सही होते आणि तो प्रलंबित अर्जाच्या फाइलला जोडला जातो. जी-२८ ला शुल्क नाही.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात, म्हणजे देशाबाहेर काढण्याच्या कारवाईत गेले असेल, तर तिथे न्यायाधीशाची परवानगी लागते. तोंडी किंवा लेखी अर्ज करून ती मागता येते. ती मिळेपर्यंत जुनाच वकील नोंदीवर राहतो.

एका जी-२८ ने सगळ्या कुटुंबाचे काम भागते का?

नाही. कुटुंबात नवरा, बायको आणि मूल अशा तिघांचे आय-४८५ हे ग्रीन कार्डचे अर्ज प्रलंबित असतील, तर तिघांच्याही फाइलवर नव्या वकिलाचे नाव जायला हवे. त्याच कुटुंबाचे वर्क परमिट आणि प्रवास परवान्याचे अर्ज वेगळे चालू असतील, तर त्यांच्यासाठीही जी-२८ लागतो. नवऱ्याच्या फाइलवर नवा वकील आणि बायकोच्या वर्क परमिटवर अजून जुनाच, अशी गफलत इथे होऊ शकते.

कंपनीने नेमलेला वकील बदलता येतो का?

अर्ज कोणाचा आहे, यावर ते ठरते. एच-१बीचा आय-१२९ अर्ज कंपनीचा असतो. पर्म आणि आय-१४० हेही कंपनीचेच. तिथे वकील कोण, हे कंपनी ठरवते. कर्मचारी स्वतःच्या माहितीसाठी दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेऊ शकतो, पण कंपनीच्या अर्जावरचा वकील बदलू शकत नाही. पर्मच्या टप्प्यातले वकिलाचे शुल्क आणि खर्च कंपनीनेच करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही.

आय-४८५, वर्क परमिट आणि एच-४ ची मुदतवाढ हे अर्ज मात्र कर्मचाऱ्याचे किंवा त्याच्या कुटुंबीयाचे असतात. ते कंपनीच्या वकिलाने भरले असले, तरी त्यांवर वकील बदलण्याचा हक्क अर्जदाराचा आहे.

नोकरी गेल्यावर हा फरक ठळक होतो. एच-१बीवरील व्यक्तीला नोकरी सुटल्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्या ६० दिवसांत कंपनीचा वकील मदत करेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्याचे पहिले अशील कंपनी आहे. आय-४८५ प्रलंबित होऊन १८० दिवस झाले असतील, तर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या नव्या नोकरीवर अर्ज पुढे नेता येतो. पण त्यासाठीची कागदपत्रे आता स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावी लागतात.

मग अर्ज बुडतो कुठे?

मधल्या रिकाम्या काळात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बारामतीत इंजिनीअरिंग करून अमेरिकेत गेलेल्या एका तरुणाने जुन्या वकिलाला 'आता तुमची गरज नाही' असा मेल केला. नव्या वकिलाशी शुल्काची बोलणी महिनाभर चालली. त्याच महिन्यात यूएससीआयएसने अतिरिक्त पुरावा मागणारी नोटीस काढली. तिला 'आरएफई' म्हणतात. फाइलवर अजून जुन्याच वकिलाचे नाव होते, त्यामुळे नोटीस त्याच्याकडे गेली. एक प्रत अर्जदारालाही निघाली, पण त्याने घर बदलले होते आणि नवा पत्ता कळवला नव्हता. नोटीस हाती पडली तेव्हा ५० दिवस उलटले होते.

आरएफईला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, टपालासाठी थोडे दिवस वर धरले जातात. अर्ज फेटाळण्याचा इरादा कळवणाऱ्या नोटिशीला तर जास्तीत जास्त ३० दिवसच. ही मुदत वाढवून मिळत नाही. 'वकील बदलत होतो' हे कारण चालत नाही. उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे धरून तो फेटाळता येतो. अशा निर्णयावर अपीलही करता येत नाही. प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती तेवढी करता येते आणि तिलाही साधारण ३० दिवसांचीच मुदत असते.

आता उरलेल्या ३४ दिवसांत काय मिळवायचे? समजा, मागणी जन्माच्या पुराव्याची आहे आणि जन्माची नोंद झालेलीच नाही. इथून पुढचे काम अमेरिकेतला वकील करू शकत नाही. ते आई-वडिलांवर येते.

जन्माच्या दाखल्याला किती वेळ लागतो?

जन्मानंतर एक वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची, तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात ती करू शकत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा नोंदीसाठी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा इलाखा दंडाधिकाऱ्यांकडे होता. कागद, पडताळणी आणि आदेश या वाटेला ३४ दिवस पुरतीलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

अमेरिकी नियमांत यावर पर्याय आहे. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला स्थानिक कार्यालयाकडून घ्यायचा आणि सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा दुय्यम पुरावा जोडायचा. तोही नसेल, तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या आणि अर्जात पक्षकार नसलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे देता येतात. कोणता मार्ग धरायचा, हे वकिलाने लवकर सांगायला हवे. म्हणूनच वकील बदलण्याआधी असे कागद हाताशी असले, तर निम्मी चिंता मिटते.

जुन्या वकिलाने फाइल अडवली तर?

अमेरिकेत अशील वकिलाला कधीही काढू शकतो. काम संपताना अशिलाचे कागद परत देणे आणि न केलेल्या कामाचे आगाऊ घेतलेले पैसे परत करणे, हे तिथल्या वकिली आचारसंहितेचे सर्वमान्य तत्त्व आहे. थकलेल्या शुल्कापोटी कागद ठेवता येतात का, याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. तक्रार करायची तर वकील ज्या राज्यात नोंदलेला आहे, तिथल्या बारकडे करावी लागते.

वकील दाद देत नसेल, तरी वाट बंद होत नाही. अर्जदार माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली आपल्या फाइलची प्रत सरकारकडूनच मागवू शकतो. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच हा मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून मागणी लवकर करावी.

भारतात याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की शुल्क थकले म्हणून वकील अशिलाच्या फाइल अडवून ठेवू शकत नाही. शुल्क वसूल करायचे, तर त्याला दुसरे कायदेशीर मार्ग आहेत.

गावातला 'कन्सल्टंट' हा वकील असतो का?

वकील बदलायला निघालेल्या अनेकांना आपल्या फाइलवर वकील नव्हताच, हे तेव्हाच कळते. फॉर्म भरून देणारा एजंट पैसे घेतो, पण फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून स्वतःचे नाव लिहीत नाही. कागदोपत्री अर्ज उमेदवाराने स्वतः भरलेला असतो. ईमेल, मोबाइल नंबर आणि पासवर्ड मात्र एजंटचे. अशा वेळी बदलायला वकीलच नसतो, आधी खात्याचा ताबा परत मिळवावा लागतो.

याची किंमत काय असते, हे कॅनडातल्या एका प्रकरणात दिसले. जालंधरचा एजंट ब्रिजेश मिश्रा याने विद्यार्थ्यांना कॉलेज प्रवेशाची बनावट पत्रे दिली. मुले कॅनडात शिकली, कामाला लागली आणि काही वर्षांनी कायम निवासाच्या टप्प्यावर ती पत्रे खोटी असल्याचे उघड झाले. २०२३ मध्ये अनेकांवर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली. मिश्राला मे २०२४ मध्ये कॅनडात तीन वर्षांची शिक्षा झाली. पण दरम्यान चौकशीला तोंड द्यावे लागले ते विद्यार्थ्यांना. अर्जातली माहिती खोटी निघाली, तर जबाबदारी अर्जदाराचीच धरली जाते. कॅनडात त्यासाठी पाच वर्षांची बंदी आहे.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनचे नियम काय?

कॅनडात प्रतिनिधी नेमण्यासाठी आणि काढण्यासाठी 'आयएमएम ५४७६' हा एकच फॉर्म आहे. एका अर्जावर एका वेळी एकच प्रतिनिधी असतो आणि पत्रव्यवहार त्याच्याकडे जातो. पैसे घेऊन हे काम करायला तो तिथल्या विधिज्ञ संस्थेचा परवानाधारक किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचा सदस्य असावा लागतो. ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून काम करते आणि तिच्या संकेतस्थळावर नाव तपासता येते.

ऑस्ट्रेलियात 'फॉर्म ९५६' वापरतात. तिथला नियम कडक आहे. अर्जदाराने अधिकृत केलेल्या व्यक्तीला पत्र मिळाले, की ते अर्जदारालाच मिळाले असे कायदा धरतो. एजंटने ते पुढे पाठवले नाही, तरी मुदतीचे घड्याळ सुरू झालेले असते.

ब्रिटनमध्ये सल्लागार नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी करणाऱ्या संस्थेचे नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी असे झाले आहे. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांच्यावर त्यांच्या स्वतंत्र नियामक संस्थांचे नियंत्रण असते.

वकिलाच्या चुकीमुळेच अर्ज फेटाळला गेला तर?

अमेरिकेत या बाबतीत 'मॅटर ऑफ लोझाडा' हा १९८८ चा निर्णय आधार मानला जातो. इमिग्रेशन अपील मंडळाने त्यात तीन अटी घातल्या. वकिलाशी काय ठरले होते आणि त्याने काय केले नाही, याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. वकिलाला आरोप कळवून उत्तराची संधी द्यायची. आणि बारकडे तक्रार केली का, केली नसल्यास का नाही, ते सांगायचे. शिवाय त्या चुकीमुळे नुकसान झाले, हेही दाखवावे लागते. 'वकिलाने घोळ घातला' एवढे सांगून भागत नाही. वकिलाशी झालेले मेल आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवायच्या, त्या यासाठीच.

भारतात कोणाविरुद्ध तक्रार करायची आहे, यावर दार ठरते. भारतीय वकिलाविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जावे लागते. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. व्हिसा कन्सल्टंट वकील नसेल, तर त्याच्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. फसवणूक असेल, तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार करता येते.

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटची गोष्ट वेगळी. त्याला केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

वकील बदलण्याचा बरोबर क्रम कोणता?

आधी कागद, मग नवा वकील, शेवटी जुन्याला निरोप. अमेरिकेतल्या अर्जापुरते पाहिले तर :

• प्रत्येक अर्जाचा रिसीट नंबर लिहून ठेवावा. तीन अक्षरे आणि दहा अंक असा तो तेरा चिन्हांचा असतो. त्यावरून यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर सद्यःस्थिती कोणालाही, अगदी बारामतीत बसलेल्या पालकांनाही पाहता येते.

• दाखल केलेल्या संपूर्ण अर्जाची प्रत, मंजुरीची पत्रे आणि आलेल्या सर्व नोटिसा मागून घ्याव्यात.

• एखादी नोटीस उत्तराविना पडली आहे का, हे जुन्या वकिलाला मेलवर थेट विचारावे. असेल, तर तिची शेवटची तारीख नव्या वकिलाला पहिल्याच बैठकीत सांगावी.

• नवा वकील अमेरिकेतल्या कोणत्या राज्यात नोंदलेला आहे, ते त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर तपासावे. इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्याने तो अर्जदाराच्याच राज्यातला असण्याची गरज नाही.

• शुल्कात काय येते, आरएफई आल्यास वेगळे पैसे पडतील का, हे करारात लिहून घ्यावे.

• घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत पत्ता कळवावा. तो कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

• नवा जी-२८ दाखल होऊन फाइलवर आल्याची खात्री झाल्यावरच जुन्या वकिलाला लेखी कळवावे.

हातात आरएफई असेल आणि मुदत संपायला आठवडाच उरला असेल, तर बहुतेक वेळा आधी उत्तर पाठवणे आणि मग वकील बदलणे शहाणपणाचे ठरते. जुना वकील काहीच करत नसेल, तर नवा वकील उत्तरासोबतच आपला जी-२८ जोडू शकतो.

पालकांनी इथून काय करावे?

जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र यांवरची नावे एकदा ओळीने मांडून पाहावीत. एका कागदावर वडिलांचे नाव मधे आहे, दुसऱ्यावर नाही, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळे आहे, असे फरक आपल्या कागदांत नेहमी सापडतात. नोटीस येण्याआधी ते दुरुस्त करायला वेळ असतो. नोटीस आल्यानंतर तो मोजून मिळतो.

दुसरे काम पाच मिनिटांचे आहे. परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे, की अर्जावर पत्ता, ईमेल आणि मोबाइल नंबर कोणाचा आहे? उत्तर 'वकिलाचा' किंवा 'एजंटचा' असे आले, तर वकील बदलायचा असो वा नसो, तिथे स्वतःचा पत्ता, ईमेल आणि नंबर नोंदवून घेणे हे पहिले काम.